गाडीतली वीस मिनिटं

एका वाचकाने सहा पानी पत्र पाठवलं आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून त्याचा गोषवारा इथे देते.

वय ४४. हिशेबाच्या खात्यात मधल्या पायरीवरची नोकरी. बायकोही नोकरी करते, मुलगी नववीत आहे, वडील सोबत राहतात. ते लिहितात, "गेल्या पाच वर्षांत आमच्याकडे वाईट म्हणावं असं काही घडलेलं नाही. मोठं आजारपण नाही, नोकरीवर गदा नाही, घरात भांडणं नाहीत. तरी वर्षभर मला सारखं टेन्शन असतं. परवा मुलीने कंपासपेटी जोरात बंद केली म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. संध्याकाळी परतल्यावर मी खाली गाडीतच वीस मिनिटं बसतो. इंजिन बंद, काचा वर. बायकोला सांगतो, वाटेत गर्दी होती. पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच. वडिलांनी एकट्याच्या पगारावर आम्हा चार भावंडांना वाढवलं, पण टेन्शन हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. मग मला कसलं आलंय टेन्शन? मी कमकुवत आहे का? वेळेच्या नियोजनाचा एखादा कोर्स करू, लांब सुट्टी घेऊ, की नोकरीच सोडू?"

पत्राला त्यांनी अकरा गोष्टींची यादी जोडली आहे. मथळा 'टेन्शनची कारणं'. तीन महिने ठिबकणारा बाथरूमचा नळ. गाडीच्या विम्याचं नूतनीकरण. मोबाइलची मेमरी भरल्याचा रोज येणारा इशारा. वडिलांचे डॉक्टरांना दाखवायचे राहिलेले रिपोर्ट. साहेबांचे रात्रीचे मेसेज. भावाशी रखडलेलं बोलणं. जाऊन-येऊन अडीच तासांचा प्रवास. शेजारच्या बांधकामाचा आवाज. घराचा हप्ता. वडिलांचा वाढता विसरभोळेपणा. मुलीचा अभ्यास.

*

तुमची यादी मी तीनदा वाचली. पहिल्यांदा पत्राचा भाग म्हणून, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. तिसऱ्यांदा वाचली ती जरा लाजत, कारण त्यातल्या निम्म्या गोष्टी माझ्याही घरी आहेत. (नळ नाही. माझ्याकडे दिवाणखान्याच्या दाराची बिजागरी आहे.)

'मोठं काही घडलेलं नाही, मग मला कसलं टेन्शन' हे वाक्य तुम्ही सहा पानांत चार वेळा लिहिलंय. म्हणजे ताण हा एखाद्या घटनेच्या मोबदल्यात मिळतो, घटना जेवढी मोठी तेवढा ताण मोठा, आणि तुमच्याकडे घटनाच नसल्याने तुमचा हक्क बनत नाही, असा तुमचा हिशेब आहे. हिशेबाच्या खात्यातला माणूस असा विचार करणार, हे समजू शकतं. हा समज तुमच्या एकट्याचा नाही. संशोधकही बराच काळ असाच विचार करत होते. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची एक मोजपट्टी तयार केली. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, घटस्फोट ७३, लग्न ५०, अशी. गुणांची बेरीज जास्त तर आजारी पडण्याची शक्यता जास्त. तुम्ही ही मोजपट्टी लावलीत तर गुण जेमतेम पडतील आणि तुम्ही स्वतःला पुन्हा एकदा ढोंगी ठरवाल.

पण १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजूने पाहिलं. त्यांनी रोजच्या ११७ बारीकसारीक कटकटींची यादी केली आणि मध्यमवयीन शंभर जणांकडून ती महिनोन्‌महिने भरून घेतली. मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या किरकोळ कटकटींवरून जास्त चांगला बांधता आला. लोकांनी सगळ्यात जास्त वेळा खूण केलेल्या गोष्टींमध्ये काय काय होतं? घरच्या माणसाची तब्येत, वाढत्या किमती, घराची डागडुजी, हातात मावणार नाहीत इतकी कामं, वस्तू हरवणं. तुमचा नळ तिथे 'घराची डागडुजी' या नावाने चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच हजर होता.

त्यामागचं कारण फार गूढ नाही. मोठं संकट आलं की माणसं गोळा होतात, रजा मिळते, हातातली कामं दुसरं कुणीतरी उचलतं. ठिबकणाऱ्या नळासाठी कुणी भेटायला येत नाही. त्याबद्दल बोलायचीही चोरी, कारण 'एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास' हे आपणच आपल्याला ऐकवतो.

आता तुमच्या मथळ्याकडे येते. अकरा गोष्टी आणि वर एकच शब्द, टेन्शन. माझी तक्रार या शब्दाबद्दल आहे. तो इंग्रजी आहे म्हणून नव्हे. मीही दिवसातून दहा वेळा वापरते. तक्रार ही की तो फार मोठा झाला आहे. ज्या ड्रॉवरमध्ये घरातली सुरी, सुतळी, सेल आणि जुन्या किल्ल्या एकत्र टाकलेल्या असतात, तसा. उघडला की नुसता खडखडाट होतो आणि हवं ते सापडत नाही. आपल्या बोलण्यात यासाठी वेगवेगळे शब्द होते, अजून आहेत. रुखरुख वेगळी, धास्ती वेगळी. वैताग म्हणजे दगदग नव्हे. दडपण आणि घोर यांची गल्लत आपल्या आजीने कधीच केली नसती. लिसा फेल्डमन बॅरेट यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांचं काम याच दिशेचं आहे: नकोशा भावनांना जी माणसं नेमकेपणाने वेगळं करू शकतात, त्यांना त्या सावरणंही तुलनेने जमतं. मला तरी यात नवल वाटत नाही. दुखतंय कुठे हे सांगता आलं नाही तर औषध कुठे लावणार?

म्हणून मी पेन्सिलीने तुमच्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एकेक मराठी शब्द लिहिला. चुकला असेल तर खोडून तुमचा लिहा.

नळ, विमा, मोबाइलची मेमरी, वडिलांचे रिपोर्ट. या चारही गोष्टींपुढे मी 'रुखरुख' लिहिलं. यातलं एकही काम अवघड नाही. तरीही ती राहिलेली आहेत आणि राहिलेलं काम पाठ सोडत नाही. १९२७ साली ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने दाखवलं होतं की मधेच तोडलेली कामं माणसाला पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. तो निष्कर्ष पुढच्या सगळ्याच प्रयोगांत तसाच आला असं नाही, पण २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी त्याला जोडून केलेले प्रयोग तुमच्या कामाचे आहेत. अपुरं काम मनात लुडबुडत राहतं हे खरंच, पण ते थांबवण्यासाठी काम संपवावंच लागतं असं नाही. ते कधी, कुठे आणि कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी लुडबुड थांबते. 'नळाचं बघायला हवं' हे ठरवणं नव्हे. 'शनिवारी सकाळी दहाला प्लंबरला फोन, नाही उचलला तर अकराला पुन्हा' हे ठरवणं झालं.

माझंच सांगते. एका ओळखीच्या बाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं मी आठ महिने टाळलं. टेबलावरून ते पाकीट ड्रॉवरमध्ये, तिथून पुस्तकाखाली. दर वेळी पुस्तक उचललं की पोटात बारीक कळ. शेवटी एका दुपारी लिहायला बसले तेव्हा घड्याळ बघितलं: चार मिनिटं लागली. आठ महिने मी त्या चार मिनिटांचं व्याज भरत होते.

तेव्हा तुमच्यासाठी आणि अशा याद्या खिशात घेऊन फिरणाऱ्या सगळ्यांसाठी एक साधा उपाय. आठवड्यातला एक तास ठरवून घ्या आणि त्यात फक्त रुखरुखीची कामं करा. त्या तासाच्या बाहेर ती आठवली तर वहीत टिपून ठेवा. वडिलांचे रिपोर्ट मात्र या तासासाठी थांबवू नका. ते उद्याच.

साहेबांच्या मेसेजपुढे मी 'धास्ती' लिहिलंय. तुमच्या पत्रातला तो परिच्छेद मला फार बोलका वाटला. रात्री नऊ चाळीसला मेसेज: 'उद्या सकाळी जरा भेटा.' बस्स. रात्रभर तुम्ही गेल्या तीन महिन्यांतले सगळे आकडे मनात तपासून काढले, आणि सकाळी कळलं की बसायच्या जागा बदलायच्या होत्या. तुम्ही यावर लिहिलंय, "मी उगाच घाबरतो." मला नाही तसं वाटत. अर्धवट मेसेज आला की मन उरलेला अर्धा स्वतःच लिहून काढतं, आणि रात्री पावणेदहाला ते कधीच चांगलं काही लिहीत नाही. कामाच्या ओझ्यापेक्षा ही टांगती अवस्था जास्त थकवते.

इथे तुम्ही धरून चाललेलं दुसरं गृहीतक येतं: साहेबांना काही सांगता येत नाही. खरंच विचारून पाहिलंय का? रात्री मेसेज करूच नका असं सांगणं कदाचित जड जाईल. पण एवढं तर म्हणता येईल: "सर, मेसेजमध्ये विषय एका शब्दात लिहाल का? म्हणजे मी कागद काढून ठेवीन." यात तक्रार नाही, उलट तयारीची भाषा आहे. बहुतेक वरिष्ठांना आपल्या चार शब्दांनी कुणाची झोप उडते याची कल्पनाच नसते. (तुमच्या हाताखालीही तिघं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. तुमचे मेसेज कसे असतात, तेही एकदा वाचून बघा.)

बांधकामाच्या आवाजापुढे 'वैताग'. हा शब्द आपण हलका समजतो, पण आवाजाचा वैताग नुसता कानापुरता राहत नाही. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली पुस्तकरूपाने मांडलेल्या प्रयोगांत लोकांना कर्कश, कधीही सुरू होणारा आवाज ऐकवला होता. काहींच्या हाताशी एक बटण दिलं: असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतरच्या कामात बटणवाल्यांच्या चुका कमी झाल्या आणि अवघड कोड्यांवर ते जास्त वेळ टिकून राहिले. आवाज दोघांनाही तेवढाच. फरक होता तो केवळ बटण जवळ असल्याचा.

मला हा प्रयोग फार आवडतो, कारण 'बांधकाम तर थांबवता येणार नाही' इथे येऊन आपण हात टेकतो त्याच्या पुढची वाट तो दाखवतो. तुमच्या हाताला कुठलं बटण लागू शकतं? कामाच्या वेळा काय आणि ते कधी संपणार, हे तिथल्या देखरेख करणाऱ्याला जाऊन विचारणं हे एक बटण आहे. आवाज कधी सुरू होणार हे ठाऊक असलं की तो निम्मा होतो. सुट्टीच्या दिवशी त्या वेळात वडिलांना घेऊन बाहेर पडणं हे दुसरं. खिडकीपासून लांबची खोली, कानात घालायचे बोळे. यातलं काहीच भव्य नाही, मला मान्य आहे.

प्रवासापुढे 'दगदग' लिहिलं. दगद‍गीला समजूत घालून उपयोग होत नाही, तिला विसावाच लागतो. अडीच तास ही खरोखर मोठी किंमत आहे आणि तिच्यावर गोड बोलून मी पांघरूण घालणार नाही. आठवड्यातले दोन दिवस वेळ पुढेमागे करता येईल का, एखादा दिवस घरून काम होईल का, हे विचारण्यासारखं आहे. नोकरी सोडण्याच्या आधी तर नक्कीच. हप्त्यापुढे मी 'ओझं' लिहिलं आणि पुढे गेले, कारण तुम्हीच लिहिलंय की तो वेळेवर जातो आणि अजून सात वर्षांनी संपेल. ज्या ओझ्याला शेवटची तारीख आहे ते माणूस वाहून नेतो. हप्ते थकू लागले असते तर मी वेगळं बोलले असते. ज्यांचे थकताहेत त्यांनी घरच्यांपासून लपवत बसण्यापेक्षा कर्ज देणाऱ्यांशी लवकरात लवकर बोलावं.

भावाच्या ओळीपुढे मी बराच वेळ पेन्सिल धरून बसले. शेवटी लिहिलं 'अढी'. वडिलांचं सगळं तुमच्याकडे आणि तो लांबून फक्त सूचना करतो, हे तुम्ही दीड ओळीत उरकलंय, पण ती दीड ओळ तुम्ही दोनदा खोडून पुन्हा लिहिलेली दिसते. अढी बोलल्याशिवाय सुटत नाही, आणि 'तू काहीच करत नाहीस' या सुरुवातीने तर मुळीच सुटत नाही. त्याच्याकडे एक ठरावीक काम मागा. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाण्याची पाळी, किंवा महिन्यातले दोन शनिवार-रविवार. 'मदत कर' म्हटलं की माणूस हो म्हणून विसरतो. तारीख दिली की त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. नाही म्हणाला तरी तुम्ही टांगलेले राहणार नाही.

उरल्या दोन ओळी, वडील आणि मुलगी. तिथे एकच शब्द बसतो, 'घोर'. घोर नेहमी प्रेमाच्या माणसाचा लागतो. तो शून्यावर आणण्याचा प्रयत्न करू नका. त्यासाठी त्या माणसावरची माया कमी करावी लागेल. वडिलांचा विसरभोळेपणा तपासून घ्या, कारण विस्मरणाची काही कारणं उपचाराने सुधारतात: थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधांचे परिणाम, नैराश्य. त्यापलीकडे जे उरेल ते तुमच्या धावपळीने बदलणार नाही. मुलीच्या अभ्यासाचंही तेच. परीक्षा तिची आहे.

घोराला दिवसभर मोकळं सोडण्यापेक्षा त्याला वेळ नेमून देण्याची एक जुनी युक्ती आहे. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८३ मध्ये ती तपासली होती. रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास काळजी करायची, अगदी मन लावून. इतर वेळी काळजी आली की तिला सांगायचं, 'सहा वाजता ये.' वाचायला चेष्टा वाटते. आठवडाभर करून बघा. सहा वाजता बसल्यावर पुष्कळदा काळजी करायला पुरेसं सापडत नाही.

तुमच्या यादीत एक गोष्ट नाही आणि तिचं नसणं मला खटकलं. झोप. पहाटे साडेतीनची जाग तुम्ही लक्षण म्हणून सांगता, पण ती आता कारणही झाली आहे. अपुऱ्या झोपेनंतर तोच नळ जास्त जोरात ठिबकतो आणि कंपासपेटी जास्त जोरात बंद होते. रात्रीच्या उत्तरार्धात शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, पहाटेकडे हळूहळू चढू लागतं, त्या वेळी झोप पातळ झालेली असते आणि मनात आधीच दारूगोळा असेल तर ठिणगी पडते. साडेतीनला आलेल्या विचारांना मी स्वतः निर्णयाचा अधिकार देत नाही, सकाळी आठनंतर या म्हणून सांगते. बराच वेळ झोप लागली नाही तर अंथरुणात कुशी बदलत राहू नका. उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. मोबाइल हातात घेऊ नका. तिथे मेमरीचा इशारा आणि साहेब दोघंही आहेत. रात्री कितीही जागलात तरी सकाळी उठायची वेळ तीच ठेवा. आणि दुपारनंतर कॅफिन बंद: त्याचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात.

अंगात सरसरून राग चढतो तेव्हा काय करू, असंही विचारलंत. श्वास सोडताना लांबवा. आत घ्यायला चार आकडे मोजले तर बाहेर सोडायला सात-आठ. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती थोडी मंदावते, त्याचा फायदा घ्यायचा. दोन-तीन मिनिटं पुरतात. याने प्रश्न सुटत नाही, फक्त ओरडण्याआधी थोडी जागा मिळते. कंपासपेटीच्या वेळी तेवढीच हवी होती.

त्या कंपासपेटीबद्दल. तुम्ही मुलीला नंतर काय म्हणालात, हे पत्रात नाही. काहीच म्हणाला नसाल तर आज म्हणा, आणि कारणांचं शेपूट न जोडता म्हणा. "त्या दिवशी मी ओरडलो ते चुकलं. तुझ्या पेटीचा त्यात काही दोष नव्हता." 'पण मला ऑफिसमध्ये...' इथे सुरू झालात तर ते वाक्य तिच्याकडून सहानुभूती मागणारं होतं. ती चौदा वर्षांची आहे. न रडता नुसतं बघणारं मूल आपल्या आत काहीतरी ठरवत असतं, ते ठरायच्या आत बोललेलं बरं.

आता तुमचे तीन पर्याय. वेळेच्या नियोजनाचा कोर्स तुम्हाला फारसा उपयोगी पडेलसं वाटत नाही. ज्या माणसाने स्वतःच्या टेन्शनची अकरा कलमी यादी करून, क्रमांक घालून पाठवली, त्याला नियोजन शिकवायची गरज नाही. सुट्टी अवश्य घ्या, पण तिच्याकडून फार मागू नका. परतल्यावर तिचा गुण काही आठवड्यांत ओसरतो. वर्षाकाठी एका लांब सुट्टीपेक्षा रोज संध्याकाळी ऑफिस खरोखर संपणं जास्त मोलाचं.

नोकरी सोडण्याबद्दल मात्र मी घाईने नाही म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा जो दुसरा व्हाइटहॉल अभ्यास १९८५ पासून चालू आहे, त्यात असं दिसलं की ज्यांच्या हाती स्वतःच्या कामावरचं नियंत्रण कमी, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त. म्हणजे प्रश्न काम किती हा नाही, त्यातलं किती तुमच्या हातात आहे हा आहे. तुमच्या सहा पानांत कामाबद्दल कुरकुर नाही. आकडे जुळल्यावर अजून बरं वाटतं, असंही एका ठिकाणी लिहून गेलात. तुम्हाला प्रवास, रात्रीचे मेसेज आणि न विचारता बदललेल्या जागा नकोशा झाल्यात. आधी या तिन्हींबद्दल तोंड उघडून बघा. सहा महिन्यांनी तिन्ही दारं बंद दिसली तर नवी नोकरी शोधायला लागा, आणि तेव्हा मनात अपराधी वाटू देऊ नका.

गाडीतल्या वीस मिनिटांना तुम्ही 'पळपुटेपणा' म्हटलंय. मला ती तुमच्या दिवसातली सगळ्यात शहाणी वीस मिनिटं वाटतात. तिथे तुम्ही कुणाचे कर्मचारी नाही, वडील नाही, मुलगा नाही, कुणी काही मागत नाही. ऑफिसातला माणूस उतरून घरातला माणूस चढायला तेवढा वेळ लागतो, काहींना जास्त लागतो. ती बंद करू नका. फक्त गर्दीची थाप बंद करा. कारण त्या थापेमुळे विसावा चोरीचा होतो, आणि यादीत बारावी ओळ तयार होते. बायकोला सरळ सांगा की मला घरात शिरण्याआधी वीस मिनिटं लागतात. ती रागावेल अशी भीती तुम्हाला वाटते. कदाचित तिने खिडकीतून गाडी कधीच पाहिलेली असेल.

आणि हे सांगून झालं की एक प्रश्न विचारा, उत्तर ऐकायची तयारी ठेवून. तीही नोकरी करून येते. तिची वीस मिनिटं कुठे आहेत? सहा पानांत मला ती कुठे सापडली नाहीत.

एक गोष्ट सगळ्यांसाठी, थोडक्यात. छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक वजन उतरणं अशा गोष्टी टेन्शनच्या खात्यावर टाकून गप्प बसू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, रोजची कामं होईनाशी झाली असतील, दारूचा आधार लागू लागला असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगून मदत घ्यावी. तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसलं नाही, पण वर्षभराची झोपमोड आहे, तेव्हा वडिलांच्या रिपोर्टबरोबर स्वतःचा रक्तदाबही तपासून घ्या.

राहता राहिले वडील, ज्यांच्या तोंडून तुम्ही टेन्शन हा शब्द ऐकला नाही. नसेल ऐकला. त्यांच्या पिढीकडे तो शब्दच कमी होता. पण 'जिवाला घोर', 'जीव टांगणीला', 'हाय खाल्ली' हे शब्दप्रयोग काही निवांत माणसांनी तयार केलेले नाहीत. तुम्ही तेव्हा मुलगा होतात. चार पोरांची फी भरायची त्या आठवड्यात ते रात्री कुठल्या कुशीवर झोपत होते, हे तुम्हाला दिसायचं कारण नव्हतं. किंबहुना ते दिसू नये यासाठीच ते झटत असणार. शिवाय ते दारातून आत आले की ऑफिस बाहेर राहत होतं. तुमचं खिशातून आत येतं.

तुम्ही त्यांच्याशी स्वतःची तुलना करत बसण्यापेक्षा त्यांनाच का विचारत नाही? जुन्या गोष्टी त्यांना अजून लख्ख आठवतात, हे तुम्हीच लिहिलंय. एखाद्या संध्याकाळी, बांधकाम थांबल्यावर, शेजारी बसून विचारा, "बाबा, आम्ही लहान असताना तुम्हाला कशाचा घोर होता?" आणि मग मधे बोलू नका.